बाराच्या ठोक्याचं ताट

“तुम्ही घरी बसल्यापासून मी एकदाबी पोटभर जेवले नाय,” आत्याबाई, म्हणजे माझ्या सासूबाई, स्वयंपाकघरात मामांना म्हणाल्या. मी दाराआड उभी आहे, हे दोघांना माहीत नव्हतं.

तसे मामा, म्हणजे माझे सासरे, चांगले हो. जन्मभर वाळूजच्या कारखान्यात डबा खाल्ला. इकडं आत्याबाई दोन वाजता ताकात शिळी भाकरी कुस्करून निवांत एकट्या जेवायच्या. रिटायर झाले तसं मामांनी फर्मान काढलं, बाराच्या ठोक्याला सगळ्यांनी सोबत बसायचं. मी लग्न होऊन आले, तशी मीही त्याच पंगतीत.

त्याच दिवशी बाराला मामा नि मी ताटावर बसलो, पण आत्याबाई आल्याच नाहीत, स्वयंपाकघराच्या दारातच उभ्या राहिल्या.

“इतकी वर्षं एकटी जेवलीस, म्हणून तर सोबत बसवतो ना!”

“सोबत बसवता का पहारा देता? शिळं खाऊ नको, ठेचा कमी घे, हळू जेव!”

“म्हंजे मी नको झालो व्हय?”

वरण गार झालं. मामांनी घास खाली ठेवला नि माझ्याकडं वळले. “सूनबाई, तूच सांग, माझं काय चुकलं?”

नव्या नवरीनं काय बोलावं? पण बोलले.

“मामा, आत्याबाईंना दोनला एकटीनं जेवू द्या. आणि कधीमधी मलाही.”