गोंदियातली पहिली बीयर

बालाघाटच्या बसस्टँडवर मलाजखंडच्या गाडीची वाट पाहत अबोली पुस्तक उघडून बसली होती. मागच्या बाकावर खाणीतले दोघे बोलू लागले, तेव्हापासून तिनं पान उलटलं नव्हतं.

"रवी, पहिली बीयर कुठं पेली बे तू?"

"गोंदियाले. नवीन नोकरी होती, इंजिनियर लोकांसंगं गेलतो."

"एवढ्या दूर?"

"इथं कोणी ओळखीचं दिसलं असतं ना. तर तिथं चैतरामभाऊच दिसला. माह्या मामाचा पोरगा. वेटर होता."

"मंग?"

"मी हिंदीत म्हटलं, 'भैया, एक ठंडी बीयर लाना.' जसा ओळखतच नाही."

"सख्ख्या मामाच्या पोराले? काहून बे?"

"साहेब लोक बसले होते."

"तो काय म्हणला?"

"'जी, अभी लाया.' गिलास पुसला, बीयर ओतली."

"माफी तरी मागितली काय?"

"हौ. लामत्याले त्याच्या घरी गेलतो. त्यानं जेवू घातलं."

"मंग मिटलं ना!"

"घरात सगळ्यांसंगं मराठी बोलते तो. माह्यासंगं सात वर्षं झाली, हिंदीच. काल फोन केलता, मले पोरगी झाली म्हणून. 'बधाई हो,' म्हणला, 'आप लोग सब ठीक हैं न?'"

"अन् तू?"

"मी बी हिंदीतच बोललो. मराठी तोंडातून निघालीच नाही."