मामंजींच्या कोंबड्याचं पथ्य

हसाल तुम्ही, पण धारला आमच्या अंगणातला कोंबडा तुपाशिवाय जेवत नसे. सवय लावली ती माझ्या सासऱ्यांनी, मामंजींनी. ताटात बाफला, म्हणजे कणकेचा भाजलेला, तुपात बुडवलेला गोळा आला, की पहिला तुकडा कोंबड्याला.

कोंबडा असा फुगला की एक दिवस पाय सुजून बसला तो उठेचना. बांगही बंद. सासूबाई म्हणाल्या, "आता ह्याला हंडीत घालू या." मामंजींच्या डोळ्यांत पाणीच आलं.

शेजारच्या जमनाकाकीनं भिंतीवरून पाहिलं. "घी बंद करो, भाभी. कोरी जुवार दो ने आंगन में फिराओ."

मामंजी म्हणाले, "तो कोरडं खाणार आणि मी त्याच्यासमोर तूप ओरपू? मलाही ज्वारीच वाढा."

सासूबाई इतकी वर्षं त्यांना तूप कमी करा म्हणून सांगून दमल्या होत्या. त्या पदराआड हसल्या. मग रोज सकाळी पुढे लंगडत कोंबडा, मागे धोतर सावरत मामंजी.

होता होता दोघेही सडसडीत झाले. एका पहाटे कोंबड्यानं खणखणीत बांग दिली. मामंजी धावतच स्वयंपाकघराच्या दाराशी आले. "बरा झाला हो! आज बाफले करा."

"तो बरा झाला, त्यानं बांग दिली," सासूबाई म्हणाल्या. "तुम्हीही द्या, मग करते."

मामंजींनी इकडंतिकडं पाहिलं. मी चुलीमागे होते, त्यांना दिसले नाही. आणि दिली की हो त्यांनी!

भिंतीपलीकडून जमनाकाकी ओरडली, "भाभी, दूसरो मुर्गो कब लाया?"