तोंड उघडंच ठेवा, काका

नाही नाही, काका, बोलू नका — आता बोलायचं नाहीच. हा रबराचा पडदा एकदा दाताभोवती बसवला की तोंड फक्त उघडं ठेवायचं, आणि दुखलं तर डावा हात वर करायचा. बोलायचं ते मी बोलेन. एरवी तुम्ही बोलता आणि सगळे ऐकतात, आज सकाळीसुद्धा टीव्हीवर बोललात ना, निवड समितीचे अध्यक्ष म्हणून? ‘मुलींचा संघ निवडताना आम्ही फक्त आणि फक्त गुणवत्ता पाहिली.’ मी इथेच उभी होते, हातात एका पेशंटच्या दातांचा साचा — निसटला, दोन तुकडे झाले. — आई गं! — काही नाही, काही नाही, कॉम्प्रेसर सुरू झाला. रोज होतो, मी रोज दचकते. तुम्ही घाबरू नका, मी दचकते ती खांद्यापर्यंतच, हात हलत नाही. बाबा म्हणायचे, आमची ही झुरळाला घाबरेल पण दाढेला घाबरणार नाही.

तर गुणवत्ता. तुम्हाला माझी धाकटी बहीण आठवते का? आठवत असणारच, लहानपणी तुमच्याच मांडीवर बसून तिनं तुमची टोपी ओढली होती — खारू. नाव वेगळं आहे, पण घरात खारूच, कारण काही फेकलं की खारीसारखी झेप घेऊन झेलायची — चेंडू, चप्पल, आईनं रागानं भिरकावलेला डबा, काहीही. तिचा हा पुढचा दात आहे ना, तो मी बसवलाय. फिरकी गोलंदाजीवर यष्टींच्या अगदी पाठीशी उभी राहते, चेंडू उसळला, दात गेला — आणि रक्तानं भरलेल्या तोंडानं पहिलं काय म्हणाली? ‘ताई, झेल पकडला मी.’ दात कुठे पडला ते विचारलं तर म्हणते, असेल तिथेच, गवतात. अशी मुलगी, काका. आणि यष्टिरक्षक म्हणून तुम्ही कुणाला घेतलंत? भाचीला. सख्ख्या बहिणीच्या मुलीला.

दुखतंय? नाही ना? मग हात खाली. मैदान नाही हे, हात वर केलात की सगळं थांबायला.

निवड चाचणीचा सामना मी पाहिलाय, म्हणून बोलतेय. पत्र्याखाली बसले होते, दोन्ही दिवस, क्लिनिक बंद ठेवून. भाचीला तुम्ही कधी उभं केलंत? पहिल्या दिवशी सकाळी. खेळपट्टी ताजी, गोलंदाज वेगवान, म्हणजे यष्टिरक्षकानं आरामात लांब उभं राहायचं आणि छातीएवढ्या उंचीला आलेला चेंडू घ्यायचा — तो तर मीसुद्धा घेईन, डोळे मिटून नाही, पण घेईन. आणि खारूला? दुसऱ्या दिवशी दुपारी, खेळपट्टीला भेगा पडल्यावर, दोन्ही टोकांनी फिरकी. एक चेंडू घोट्यापाशी सरपटतो, पुढचा कानाशी येतो! तिच्या हातून चार सुटले, सुटणारच, आणि मग तुमच्या कागदावर काय — ‘बायच्या धावा जास्त दिल्या.’ अहो, एकीला सपाट रस्त्यावर पळवायचं, दुसरीला जिन्यावर, आणि मग म्हणायचं हिला वेळ जास्त लागला! तुम्ही खेळलेले आहात, तुम्हाला हे कळत नाही असं नाही. कळतं, म्हणून तर राग येतो. न कळणाऱ्याचा मला राग येत नाही.

आणि खारूनं एका मुलीला यष्टिचीत केलं तेव्हा — फलंदाजाचा पाय जरा उचलला, पापणी लवायच्या आत बेल्स खाली — तेव्हा तुम्ही कुठे होतात? तंबूत. मैदानाकडे पाठ करून. तुमच्या बहिणीनं घरून डबा आणला होता आणि समितीचे सगळे तिथे गोळा होऊन वा वा करत होते. टाळ्या ऐकून तुम्ही मान वळवलीत, तोवर खारू परत आपल्या जागी जाऊन वाकली होती. मी ओरडले हो, ‘बघा की इकडे!’ — मी, जी फोन वाजला तरी दचकते. आसपासची माणसं माझ्याकडे बघायला लागली.

जरा डोकं इकडे. हं. मूळ साफ करायची सुई आत जातेय, नुसता दाब जाणवेल.

बरं, आता तुमचंच घ्या. आज तुम्ही गाल सुजवून आलात. अपॉइंटमेंट? नाही. बाबांना फोन केलात, बाबांनी मला केला, आणि सकाळपासून बाहेर नंबर धरून बसलेल्या आजींना मी म्हटलं, आजी, जरा थांबता का? त्यांनी का थांबायचं? त्यांची दाढ दाढ नाही का? तर तुम्ही आणि बाबा कधीकाळी एका क्लबकडून सलामीला जायचात म्हणून. तुमच्या चुकीच्या हाकेवर बाबा धावबाद झाले होते म्हणे, अजून हसत हसत सांगतात. मला आज हसू येत नाहीये.

पाटीकडे कशाला बघताय? — हो, बाबांचंच नाव आहे वर, माझं खाली. खुर्ची त्यांची, पेशंट त्यांचे, कळलं मला तुम्हाला काय म्हणायचंय ते. पण माझं वेगळं आहे. मी परीक्षा दिल्यात. आता क्लिनिक आयतं मिळालं, ते खरं, माझ्या वर्गातल्या हुशार मुली अजून दुसऱ्यांच्या हाताखाली राबतायत, तेही खरं, पण म्हणून मी कुणाची जागा — जाऊ दे. तोंड मिटू नका.

दार वाजलं का? ... वारा असेल. प्रत्येक आवाजाला काय दचकायचं.

तुम्हाला माहीत नाही काका, घरी काय झालंय. खारूला ऑफिसात नोकरी लागलीय, एक तारखेपासून. संघात नाव आलं तर नाही म्हणून कळवणार होती, नाही आलं तर ग्लोव्हज देऊन टाकणार, कायमचे. बाबा फोनवर सांगत होते, सकाळी यादी ऐकली. उठली, ऑफिसचे दोन कुडते इस्त्री करायला घेतले. तिला इस्त्री येत नाही. एक जाळला.

आणि बाबा तुम्हाला शब्द टाकणार होते, महिन्याभरापूर्वीच. तिनंच अडवलं. म्हणाली, ‘काकांना एक फोन जरी गेला ना, तर मी निवडले गेले तरी जाणार नाही. मग मला आयुष्यभर कळणारच नाही, मी चांगली होते की ओळखीची.’ आम्ही दोघांनी शपथ घेतली तिची. बाबांनी पाळली.

झालं आता. पडदा काढते. थांबा, आधी सिमेंट भरते — हं. काका, ते — राखीव यष्टिरक्षकाची जागा अजून भरलेली नाही ना? बाबा म्हणत होते, संध्याकाळपर्यंत ठरणार. म्हणजे तुमच्याच हातात आहे. मी काही गैर मागत नाहीये, ती लायक आहेच, तुम्हीही मनातून जाणताच, मग लायक माणसासाठी एक शब्द टाकला तर ती काय ओळख झाली? ती तर दुरुस्ती झाली! तुम्ही फक्त समितीत जाऊन तिचं नाव घ्या. भाची राहू दे हो, तिच्याबद्दल मी काही म्हणतच नाही, मी मघाशी रागात बोलले. या दाताचे पैसे मी घेणार नाही. वरची कॅपसुद्धा मी चांगल्यातली बसवीन. तिला कळायचं कारणच नाही, तिला वाटेल तुम्हाला ते यष्टिचीत आठवलं. — काय? जीभ बधिर आहे, नीट कळत नाही. मान हलवलीत? हो म्हणालात? काका, खरंच हो म्हणा—

दाराकडे काय बघताय?

खारू.

तू — कधी आलीस? माउथगार्ड न्यायला? मीच बोलावलं होतं नाही का, हो, मीच... अगं, मी यांना झापत होते. विचार त्यांना! सगळं सुनावलं मी, तंबूचं, खेळपट्टीचं — काका, सांगा ना तिला, मघापासून मी काय — अहो, सांगा ना! — खारू, असं बघू नकोस. काहीतरी बोल. शिव्या दे. खारू, माउथगार्डची डबी परत ठेवू नकोस तिथे, तुझी आहे ती, तुझ्या दातांच्या मापाची आहे, दुसऱ्या कुणाला नाही बसणार. अगं—

गेली.

दारसुद्धा आपटलं नाही.

चूळ भरा, काका. नाही, काही बोलू नका. तो ‘हो’ परत घ्या. की नको? — माहीत नाही. उठा. त्या बाजूनं काही चावू नका, आणि बाहेर गेल्यावर आजींना म्हणावं, आत या, तुमचा नंबर होता.