देवाच्या रथाला बसलेला हिसका

मंडळी, ऐका! देवाला कसलीही घाई नसते. युगं उलटतात, तो जागचा हलत नाही. घाई असते ती त्याच्या रथापुढे नाचणाऱ्यांना — दहाला डीजे बंद करावा लागतो ना!

तर आजचा प्रश्न. वेग आवरायचा कुणी? देवानं, सरकारनं, की आपण? 'आपण' म्हणून माना डोलवू नका. आधी ऐका.

एक गाव. मधून हायवे. अलीकडे घरं-गोठे, पलीकडे डेअरी आणि देऊळ. पार्वताबाई रोज सकाळी दुधाची किटली घेऊन कडेला उभी. बोर्डावर ऐंशी, गाड्या शंभरानं — सूं! सूं! नवरा याच रस्त्यावर गाडीखाली गेलेला. आता घरात ती आणि म्हैस. दूध पलीकडे पोचलं तरच चूल पेटणार.

गेली इंजिनिअरकडे. "सायेब, तिथं चाळीसचा बोर्ड लावा."

"लावतो की मावशी! पण रस्ता मोकळा दिसल्यावर ड्रायव्हर बोर्डाला मोजतो का?"

"मग कशाला मोजतो?"

"हिसक्याला!"

शहाणा माणूस हो! चाळीसचा बोर्ड लावला, आणि बोर्डाच्या अलीकडे रस्त्यावर ओळीनं उंचवटे — ते रंबलर! गाड्या धडधडल्या, सुस्तावल्या. पार्वताबाई रस्त्याच्या मधोमध पदर सावरायला लागली! एवढी सवड!

मग आली जत्रा. रथ निघाला, रंबलरवर चढला — खडखडखड! कळस तिरका! एकच ओरडा: "देवाला हिसका बसला!"

लगेच बैठक. सरपंच म्हणाले, "देवापेक्षा रस्ता मोठा का?"

पार्वताबाई म्हणाली, "भाऊ, रथ वर्षातनं एकदा जातो. मी रोज जाते."

"वहिनी, जत्रा झाली की परत बसवू!"

जेसीबी आला. रंबलर साफ. रथ लोण्यासारखा गेला.

आता सांगा, देव रागावला असता का? म्हणाला असता, 'आधी त्या बाईला जाऊ द्या.' पण बैठकीला त्याला बोलावलंच नव्हतं!

हसताय? हसा. सरपंच, उठू नका, मी गावाचं नाव घेतलेलं नाही. तुमच्यातल्या कितीजणांनी येताना चाळीसचा बोर्ड पाहिला? आणि कितीजणांनी आपल्या गाडीच्या काट्यावर चाळीस पाहिला?

पार्वताबाई मघाशी रस्त्याच्या त्या बाजूला, घरांकडे उभ्या दिसल्या. कीर्तनालाच निघाल्यात. किटली नाही, हातात हार आहे. गाड्यांत फट पडायची वाट बघतायत.

कळस नवा बसलाय, छान दिसतो. बोर्डही जागेवर आहे.

रंबलर काढल्यापासूनची ही तिसरी जत्रा.