वाटनीतली मूठ

माहा जनम सौंदडकडचा. मायबाप दोघंबी मी लहान असतानाच पटकीनं गेले, मंग कोनीतरी मले मिशनच्या वसतिगृहात नेऊन सोडलं, तितंच शिकली, तितंच बायबल वाचाले लागली, अन तितंच माहं लगन लावून देल्लं. नवरा देशावरचा, नगरकडचा, बोलनं असं का पुस्तकच बोलून राहिलं. नाव मी घेत नाही, लोकं मास्तर म्हनत, मीबी मास्तरच म्हनते. मी पहिल्यापासून भित्री बाई आहो बापा. मास्तरले याले उशीर झाला का मी रडाले बसो, मनात नाही नाही ते येऊन जाये. मास्तर म्हनत, तू आधी रडून घेतेस आणि मग कारण शोधतेस. खरंच होतं ते.

स्वराज्य झालं, त्याच्या दोनचार सालानं मिशनचा वरून हुकूम आला, का अर्जुनीच्या पुढं जंगलपट्ट्यात एकबी ख्रिस्ती घर नाही, तितं जाऊन काम सुरू करा. तवा हा गोंदिया जिल्हा नव्हता, आमचा भंडाराच होता. छोट्या लाईनच्या गाडीनं अर्जुनीले उतरलो अन मंग डोक्यावर पेटी घेऊन जंगलातून पायी. मी सारी वाट विचारून राहिली, तितं आपल्याले कोनी पानी देईन का, दुखलंखुपलं तं दवाखाना कुठं, जंगलात वाघ हाय का. मास्तर म्हनत, देव आहे. मी म्हनली, देव हाय ते मले ठाऊक हाय, तुमी वाघाचं सांगा.

गाव गोंडाचं, बांध घातलेले धानाचे वावर, त्या बांध्या, अन मंग जंगल. पहिल्याच दिवशी मास्तर आखरावर, जितं गावची ढोरं जमा होतात तितं, उभे राहून मोठ्यानं म्हनले, आम्ही येथे मंडळी स्थापन करायला आलो आहोत. आता आमच्यात मंडळी म्हंजे चर्चची मानसं, पन गावात मंडळी म्हंजे घरची बायको. बुढे एकमेकाच्या तोंडाकडं पाहून राहिले. एकानं विचारलं, काऊन गा मास्तर, ही एक मंडळी संगं हाय ना, अखीन दुसरी कायले पायजे. सारं गाव हासलं, मीबी पदर तोंडात धरून हासली, मास्तर लालेलाल. पन काय सांगू तुमाले, त्या हासन्यापायीच आमाले राहाले जागा भेटली. सुखराम नावाचा जवान गडी होता, तो पोट धरधरून हासला अन म्हनला, चला, माह्या घराच्या पडवीत, सपरीत राहा.

तर असे आमी सुखरामच्या सपरीत राहिलो. त्याची बायको बिरजा, मायेची बाई. संध्याकारी मास्तर सुखरामले वाचाले शिकवत, पुस्तक एकच, ते शुभवर्तमान. वाचता वाचता त्याचा जीव त्या गोष्टीत गुतला. दोन सालानं नवराबायकोनं बोडीच्या, म्हंजे गावच्या लहान तलावाच्या, पान्यात बाप्तिस्मा घेतला. गाव काठाच्या पारीवर उभं राहून पाहून राहिलं होतं. फागूबाबाबी होता. फागूबाबा म्हंजे गावचा भुमका, गावच्या देवाचं सारं तोच करे, अन सुखरामचा तो सख्खा मामा. तो काहीच बोलला नाही. रागं भरला असता तं मी इतकी भ्याली नसती. मास्तर खुशीत अन मी पानी भरता भरता विचार करून राहिली, हा बुढा बोलत काऊन नाही.

मंग जेठ आला. त्या गावाची रीत अशी, का पेरनीच्या पहिले भुमका टोपली घेऊन घरोघरी फिरे, घरापरमाने धानाच्या बियान्याची मूठ घेये, ते सारं देवापुढं ठेवून पूजा करे, मंग मिसरून पुन्हा मूठ मूठ घरोघरी वापस. ते बियानं आपल्या बियान्यात टाकाचं अन मंगच रोपासाठी पऱ्हे पेराचे. त्याच्या आंधी कोनी पेरत नसे. टोपली सुखरामच्या दारात आली. मास्तरनं त्याले आंधीच सांगतलं होतं, मूर्तीपुढं ठेवायच्या धान्यात आपला हात नको. सुखराम हात जोडून म्हनला, मामा, आता माह्याच्यानं होत नाही. फागूबाबानं टोपली तितंच दारात ठेवली. म्हनला, या घराची मूठ पडल्याबिगर मी टोपली उचलत नाही. अन निंगून गेला.

आता सांगा, गावची पेरनी सारी त्या टोपलीत अडकली. पानी पडून गेलेलं, जमीन वापशावर आलेली, अन नांगर घरी. टोपली दारात तशीच. मी येता जाता तिच्याकडं पाहो, कोंबडीनं तोंड घातलं तं पुन्हा नवीन भांडन, म्हनून मी तिच्यावर सूप झाकून ठेवलं. विहिरीवर बाया मले पाहून चूप होत. बिरजाची जाऊ तोंडावर म्हनून गेली, तुमी नसते आले तं बरं होतं. आखरावर बोलनं निंघालं का मास्तरले अन सुखरामले गावाच्या बाहीर काढा. मास्तर गुडघ्यावर बसून प्रार्थना करत, मीबी बसो, पन माहे कान दाराकडं. मले वाटे, आपन तं जाऊ अर्जुनीले, हा सुखराम कुठं जाईन, त्याची बांधी इतं, त्याचे मेलेले इतं.

एका दुपारी फागूबाबा सोता आला. मी चुलीपाशी होती, मास्तर अन सुखराम सपरीत. भाताले तांदूर घेतले का त्यातली एक मूठ देवाची म्हनून मी गाडग्यात टाको, आमच्या ख्रिस्ती बायात तशी रीत हाय, रविवारी ते अर्पन कराचं. बुढा पाहून राहिला. म्हनला, माय, हे काय व. मी सांगतलं. तसा तो मास्तरकडं फिरला, काऊन गा मास्तर, तुह्या देवाले मूठ चालते, अन गावाची मूठ चालत नाही? मास्तर म्हनले, बाबा, देव एकच, दुसऱ्या देवापुढं ठेवलेलं आम्हाला चालत नाही. बुढा बसला, बिडी पेटवली. म्हनला, देव त्यातला दानाबी खात नाही गा. कोनाचं बियानं किडलेलं, कोनाचं चांगलं, साऱ्याचं साऱ्याच्या बांधीत गेलं पायजे, मंग गाव एक. हा माह्या बहिनीचा पोरगा. याची मूठ नाही तं हा गावाचा नाही, मी त्याले कसा काढू. अन तो बुढा रडाले लागला. मले वाटलं होतं का तो आमाले काढाले आला.

मंग तोच सुखरामले म्हनला, पूजेत नोको टाकू. पूजा होऊ दे, टोपली देवापासून उचलून खाली ठेवतो, तवा टाक. पूजेत नाही, वाटनीत.

मास्तर उठून बोडीकडं गेले, पारीवर इकडून तिकडं फिरून राहिले. मी दारातून पाहो. हो म्हनलं तं वरचे साहेब म्हनतीन, यानं धरम पातर केला, अन आमाले परत बोलावतीन. नाही म्हनलं तं गाव बाहीर काढीन. वापस आले तं डोरे लाल. सुखरामले म्हनले, बी तुझं आहे, गावही तुझं आहे, मी नको म्हणणार नाही.

दुसऱ्या दिवशी फागूबाबानं दारातली टोपली उचलून नेली. पूजा होईपर्यंत आमी चौघं दूर मोहाच्या झाडाखाली उभे. सारं गाव तिकडं, आमी इकडं. पूजा झाली, टोपली खाली आली, तसा सुखराम गेला अन मूठ टाकली. फागूबाबानं दोनी हातानं सारं मिसरलं. आता ओरखून दाखवा म्हना, कोनाचा दाना कोनता. गावानं नांगर जुपले. पन माह्या मनाले कुठं चैन, हे उगवलं नाही तं आमच्याच नावानं खापर फुटन म्हनून मी रोज सकारी पऱ्हे पाहाले जाओ. साऱ्याईचे उगवले तसेच सुखरामचेबी उगवले.

वरचे साहेब आले तवा मास्तरनं सोताहून सारं सांगून टाकलं. साहेब म्हनले, काम चालू ठेवा. मंडळी वाढली, काही घरं आली, काही आलेली वापस गेली. मातीच्या भिंतीचं, कवेलूच्या छपराचं आमचं प्रार्थनेचं देऊर झालं, गावचेच लोकं माती तुडवाले आले.

अन महाराष्ट्र झाला त्या साली मास्तर तापानं गेले. माह्या पायाखालची जमीनच गेली. मले वाटलं, आता आपल्या मुर्द्यासंगं कोन येईन, ख्रिस्ती घरं बोटावर मोजन्यासारखी. सुखरामनं बायबल वाचलं, प्रार्थना केली. मी मान वर करून पाहालं तं सारं गाव दूर त्याच मोहाच्या झाडाखाली उभं. कोनी जवर येत नव्हतं. मी म्हनली, झालं, परक्याचे परकेच राहिलो. सुखरामनं आमेन म्हनलं, तसा फागूबाबा काठी टेकत टेकत निंघाला, डोऱ्यानं दिसत नव्हतं त्याले, बिरजानं हात धरला. खाली वाकून त्यानं मातीची मूठ घेतली, खड्ड्यात टाकली अन मले म्हनला, पूजेत नाही माय, वाटनीत. त्याच्या मांगून सारं गाव, एकेक मूठ.

मंग मी कुठं गेली नाही. मिशननं बोलावलं, वसतिगृहात राहा म्हनलं, नाही गेली. आता फागूबाबा नाही, सुखराम नाही, बिरजाबी गेली. पूजा झाल्यावर टोपली फागूबाबाचा नातू फिरवते. जेठ लागला का मी अजूनबी सकारपासून दारात बसून राहाते, हातात बियान्याची मूठ धरून, जीव खालवर होते, का ही नवीन पोरं, याईले काय ठाऊक, टोपली आपल्या दारावरून पुढं तं नाही जाईन. यंदा थांबली. तुमी एवढ्या दुरून आले, देव तुमचं भलं करो, आता भात खाऊन जा.