आकडा वाढू नये म्हणून

सोमवारची सकाळ होती. आमच्या गावात दवाखाना एकच. तपासणीसाठी नाकात काडी घालून झाल्यावर मास्क सारखा करत तोमिए आजी काउंटरपाशी उभ्या होत्या, आणि नर्स सेगावाबाई त्यांना फैलावर घेत होत्या.

"ताप शुक्रवारपासून, आणि उगवताय आज?"

"काल आठवडा संपला ना."

"त्याचा काय संबंध?"

"तुम्ही फ्लूचे पेशंट मोजून दर आठवड्याला सरकारला कळवता. तो आकडा चढला की वृद्धाश्रमवाले भेटी बंद करतात. पाच आठवडे नवऱ्याला काचेतून हात हलवतेय मी. त्यात माझी भर कशाला?"

"अहो आजी, एकीनं काय होतंय! आणि लपवलंत तर साथ आहे की गेली, हे आम्हाला कळणार कसं?"

"रागावू नका हो. काय निघालं ते सांगा."

"फ्लू नाही. साधी सर्दी आहे."

"अगं बाई! म्हणजे तीन दिवस रजईत तोंड खुपसून खोकले ते फुकटच?"

"फुकटच. मागच्या आठवड्यात चारच निघाले. आत्ताच आश्रमाचा फोन होता, गुरुवारपासून भेटी सुरू. तोवर खोकला घालवा."

"घालवते हो, घालवते! संत्रं सोलून माझ्या हातानं भरवीन त्यांना."

"बसा आता, औषध देते."

"थांबा, आधी बाहेरच्या दोघींना बोलावते."

"कोण दोघी?"

"सायकलींपाशी खोकत उभ्या आहेत. त्यांचेही नवरे त्याच आश्रमात आहेत."