शार्दूलवाचून अडलेली यादी

मंडळी, मन जरा इकडे द्या. आपलं काम आपल्यावाचून अडतं — याचा अभिमान धरावा, की लाज? उत्तर देऊ नका. आधी ऐका.

एका इंजिनीअरिंग कॉलेजात शार्दूल गव्हाणे नावाचा मुलगा होता. प्रोग्रॅम लिहिण्यात पटाईत. गावच्या रुग्णालयासाठी त्यानं संगणकावर रक्तदात्यांची यादी केली. रक्तगट टाका, नावं हजर! पण आतल्या माहितीला त्यानं नावं काय दिली? ए, एए, एएए. मंडळी, गवळीसुद्धा म्हशींना यापेक्षा बरी नावं ठेवतो.

त्याला शिकवणाऱ्या धायगुडे मॅडमनी विचारलं, "हे दुसऱ्या कुणाला कळेल का रे?"

"चालतंय ना, मॅडम. मग कळायचं कशाला?"



मार्चात शार्दूल नोकरीच्या मुलाखतीला निघाला. विमानात बसला, फोन बंद. त्याच दुपारी रुग्णालयात एक बाळंतीण अडली. बी निगेटिव्ह रक्त हवं! यादी म्हणाली — कुणी नाही. झालं होतं एवढंच, की नावं भरणाऱ्यानं रक्तगटापुढे एक जागा मोकळी सोडली होती. तेवढ्यानं प्रोग्रॅमला गट ओळखू येईना.

रुग्णालयानं कॉलेजात फोन केला. शार्दूलच्या वर्गातल्या रेश्मानं प्रोग्रॅम उघडला. "हे एएए म्हणजे गट, की फोन नंबर?"

"शार्दूलला विचार," मॅडम म्हणाल्या.

"तो आकाशात आहे."

देवाला हाक मारली तर तिथं ऐकू जाते म्हणतात. शार्दूलला जाईना.

शेवटी मॅडमनी रक्तदात्यांनी भरलेल्या कागदी अर्जांचा गठ्ठा काढला. एकेक अर्ज चाळत तीन तासांनी रसवंतीवाले खिलारे सापडले. ते तसेच उसाच्या रसाच्या हातांनी धावले. बाई वाचली, बाळही वाचलं.

शार्दूल परतला तो नोकरी पक्की करून, पेढे घेऊन. मॅडमनी पेढा खाल्ला, मग घडलेलं सांगितलं.

तो म्हणाला, "मी असतो तर दोन मिनिटांत..."

"तू नव्हतास."

त्याच्या हातातला पेढा हातातच राहिला.

"आता रेश्मा दुरुस्त करेल," मॅडम म्हणाल्या. "तू शेजारी बसायचं. तिला अडलं तर तोंडानं सांगायचं नाही. प्रोग्रॅममध्येच लिहून ठेवायचं, पुढच्यालाही वाचता येईल असं."

चार दिवस बसला बिचारा. आपलंच लिहिलेलं दोनदा त्यालाही कळलं नाही. ते त्यानं कबूल केलं, हे महत्त्वाचं.

आज यादी नीट चालते. शार्दूलला रुग्णालयातून एकही फोन येत नाही. सुरुवातीला वाईट वाटलं म्हणे.

आता तुमच्याकडे वळतो. देवळाची मोटर कशी सुरू होते, हे एकट्या गुरवाला ठाऊक. आजोबांची गोळी कुठल्या डब्यात, हे एकट्या सूनबाईंना. आणि माझ्या अभंगांच्या चाली? वीस वर्षं एकट्या माझ्या गळ्यात! मृदंगवाले हसताहेत. त्यांनी उद्या सकाळी सातला शिकायला यावं.